फुगलेल्या कपाटांचा खुलासा

इस्तारी सुताराच्या नावानं आयुष्यात पहिलं पत्र आलं ते आश्विनात, आणि तेही श्रावणातली तारीख घेऊन. आलापल्लीपासून तीन कोसांवरच्या त्याच्या गावात पावसाळ्याचं टपाल असंच यायचं. नाल्याला पूर आला की पत्रही पाहुण्यासारखं वाटेत मुक्काम करायचं. हे पत्र चांद्याहून, 'जिल्हा समाजमंदिर व सार्वजनिक ग्रंथालय' यांच्याकडून निघालं होतं आणि त्यावर जांभळा शिक्का होता. इस्तारीला तेवढा शिक्का कळला. बाकीचं कळायला अक्षरओळख हवी होती, आणि ती त्याच्या घरात कोणालाच नव्हती.

गावात वाचणारा माणूस एकच, जंगलखात्याचा नाकेदार पोचू. त्याला अक्षरं लागायची, पण सरकारी मराठी त्याच्याही डोक्यावरून जायची. तरी खाकी कपडा अंगावर असल्यामुळे 'मले समजलं नाई' असं म्हणायची त्याला सोय नव्हती. त्यानं घसा खाकरून वाचलं, "'आपण तयार केलेल्या सागवानी कपाटांसंबंधी खुलासा करणेकरिता हत्यारांसह समक्ष हजर राहावे.'"

"खुलासा म्हंजे?" इस्तारीनं विचारलं.

"खुलासा म्हंजे…" पोचूनं आभाळाकडं पाहिलं. "मोकळं बोलनं. खुल्या दिलानं दोन शब्द. सत्कार असन, इस्तारीभाऊ!"

चुलीपाशी बसलेली इस्तारीची बायको गिरजा म्हणाली, "हार घालाले बोलावते तं रंधा-पटाशी घेऊन ये म्हून काऊन लिवते?"

"कारागीर आहो मी. कारागिराचा सत्कार हत्यारासंगंच होते," इस्तारी म्हणाला. हे त्यानं त्याच क्षणी शोधून काढलं होतं, पण बोलल्यावर त्याला स्वतःलाच पटलं.

आणि त्याला पटायला कारणही होतं. ती सहा कपाटं म्हणजे त्याच्या हातची सगळ्यात देखणी कामगिरी. गेल्या पौषात चांद्याच्या भर चौकात नवं समाजमंदिर उठत होतं, आणि इमारतीच्या इंजिनेरानं आलापल्लीच्या सागाची कपाटं मागवली होती. साग आला तो सरळ तोडीवरून. इस्तारीनं फळीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "साहेब, हे लाकूड अजून पानी पिऊन आहे. एक उन्हाळा सावलीत निजू द्या त्याले. नाईतं पावसाळ्यात फुगन."

"मंत्र्यांची तारीख चैत्रातली आहे," इंजिनेर म्हणाला. "ते लाकडाला समजावून सांग."

इस्तारीनं सांगितलं असेल नसेल, लाकडानं काही ते मनावर घेतलं नाही. जंगलातल्या झाडाला मंत्री म्हणजे काय ते माहीत नसतं.

त्यानं आणखी एक सुचवलं होतं. दारांना काच बसवू, म्हणजे आतलं दिसेल. त्यावर समाजमंदिराचे अध्यक्ष उमाजीराव हसले होते. उमाजीराव पूर्वीचे मालगुजार. मालगुजारी गेल्यावर त्यांनी समाजसेवा धरली होती, कारण दोन्हीत माणसं अंगणात हात जोडून उभी राहतात. ते म्हणाले होते, "पुस्तकं काय मिठाई आहे, काचंत ठेवून दाखवाले?" मग इस्तारीनं आतलं केसभर दिसू नये अशी भरीव दारं केली. इंजिनेराच्या हौसेखातर पितळी बिजागऱ्या मात्र बाहेरून लावल्या, चमकाव्यात म्हणून.

तर असा हा इस्तारी धुवट धोतर नेसून, हत्यारांची गोणी खांद्यावर टाकून निघाला. आष्टीला नावेत बसून वैनगंगा ओलांडली, पलीकडं मोटर धरली आणि दुपारच्या सुमारास चांद्याच्या चौकात उतरला.

समाजमंदिर समोरच होतं. जिल्ह्यात एवढी आधुनिक इमारत दुसरी नव्हती, असं तिच्यावरच्या संगमरवरी पाटीवर लिहिलं होतं. कौलं जुनाट म्हणून वर सपाट गच्ची घातली होती. ती पावसाचं सगळं पाणी धरून ठेवायची आणि मग सवडीनं आत सोडायची. ओसरी खेडवळ दिसते म्हणून ओसरी नव्हती, त्यामुळं येणारा माणूस दार उघडेपर्यंत उन्हात उभा राहायचा. खिडक्या झाडून पश्चिमेला होत्या. ग्रंथालयात दुपारभर नेमानं हजर राहणारं एकच कोण, तर चांद्याचं ऊन.

दारात ग्रंथपाल डोमाजी भेटला. मान बारीक, सदरा मोठा, आणि चेहरा असा की आत्ताच कोणीतरी त्याला रागावून गेलं असावं. इस्तारीनं पत्र दाखवताच तो चेहरा आणखी उतरला.

"आलास? मले वाटलं, पत्र पोचलंच नसन."

"पोचलं ना. कार्यक्रम कधी आहे?"

"कायचा कार्यक्रम?"

"खुलाश्याचा."

डोमाजीनं त्याच्याकडं नीट पाहिलं, मग गोणीकडं पाहिलं. "अध्यक्षसाहेब पाच वाजता येतीन. तवरक तुले इमारत दाखवतो," तो म्हणाला. कपाटांपासून या माणसाला होईल तेवढा वेळ लांब ठेवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पण इस्तारीला वाटलं, सत्काराआधी पाहुण्याला असं फिरवतात.

पहिली खोली रेडिओची. रेडिओ होता, त्यावर भरतकामाचं झाकण होतं, झाकणावर फुलदाणी होती, आणि खोलीला कुलूप होतं. खिडकीच्या गजातून दर्शन घ्यायचं.

"वाजते का?" इस्तारीनं विचारलं.

"उद्घाटनाले वाजला होता. आता लोकं येऊन ऐकतीन म्हून बंद ठेवला आहे."

दुसरी खोली महिला कक्ष. आत महिला नव्हत्या, इमारतीतून उरलेलं सिमेंट होतं. गच्चीनं पावसाळाभर त्यावर कृपा केल्यामुळं पोती दगड होऊन बसली होती आणि आता त्यांना कोणी हलवू शकत नव्हतं. तिसरी सभेची खोली. तिथं कमिटीच्या सभा व्हायच्या, आणि लोक समाजमंदिरात का येत नाहीत यावर तिथं विचार चालायचा.

शेवटी वाचनदालन. लांबच लांब टेबल, वर्तमानपत्र साखळीनं बांधलेलं, डोक्यावर पंखा. चार वाचक होते. तिघं झोपले होते, चौथा पंख्याकडं पाहत झोपेची वाट बघत होता. आणि भिंतीला लागून त्याची सहा कपाटं!

इस्तारी सगळं विसरून पुढं झाला. लेकीला सासरी भेटायला गेलेल्या बापासारखा त्यानं पहिल्या कपाटावर हात फिरवला आणि त्याचा हात थांबला. दार चौकटीत घट्ट बसलं होतं. फटीत नख जात नव्हतं. दुसरं तसंच, तिसरं तसंच.

"फुगले," तो हळूच म्हणाला. "मी म्हनलं होतं."

"हात नको लावू," डोमाजी म्हणाला.

"कधीपासून उघडले नाई?"

"मिरगापासून."

"चार महिने? अन् लोकं पुस्तकं कसे वाचते?"

डोमाजीनं झोपलेल्या तिघांकडं हात केला. "कोनी मांगतच नाई. एक त्या चंदाबाई सोडल्या तं."

चंदाबाई मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. तिनं पावसाळ्यात अकरा वेळा येऊन पुस्तक मागितलं होतं आणि अकरा वेळा टेबलावरच्या तक्रारवहीत 'कपाट उघडत नाही' असं ठसठशीत लिहिलं होतं. प्रत्येक तक्रारीखाली डोमाजीनं उत्तर लिहिलं होतं, 'लाकूड फुगले आहे. हिवाळ्यात यावे.' बाराव्या वेळी तिनं वहीतलं सगळं उतरवून वर जिल्ह्याच्या साहेबांकडं पाठवलं. साहेबांनी अध्यक्षांना खुलासा विचारला, अध्यक्षांनी ग्रंथपालाला विचारला, आणि ग्रंथपालाच्या खाली कोणी नसल्यामुळं त्यानं इस्तारीला विचारला. हे सगळं डोमाजीनं चोरट्या आवाजात सांगितलं. तेव्हा कुठं इस्तारीला कळलं की पोचूला सरकारी मराठी येत नाही.

त्यानं गोणी खाली ठेवली. चेहरा तापला होता. चार-पाच गावं ओलांडताना मोटरीत शेजाऱ्याला, नावेत नावाड्याला, ज्यानं विचारलं नाही त्यालासुद्धा त्यानं सत्काराचं सांगितलं होतं.

पाच वाजता उमाजीराव आले. मागून चंदाबाईही आली, शाळा सुटल्यावर, नेहमीप्रमाणं, न बोलावता. उंच, काळीसावळी, काखेत छत्री. उमाजीरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही, कारण पाहिलं तर नमस्कार करावा लागतो.

"ये इस्तारी, घबरू नको," ते प्रेमानं म्हणाले. "तुले कोनी काई करत नाई. इथी फक्त एक आंगठा द्याचा अन् गावाले जाचं."

डोमाजीनं कागद आणि शाईची डबी पुढं ठेवली. इस्तारीनं अंगठा शाईत बुडवला, तेवढ्यात चंदाबाई म्हणाली, "त्यात लिहिलंय काय ते त्याला वाचून तर दाखवा."

"कायदेशीर भाषा आहे, बाई. त्याले काय समजनार?"

"मला समजेल." तिनं कागद उचललाच आणि मोठ्यानं वाचला. शाळेतला आवाज. पंख्याखालचे तिघंही जागे झाले. "'मी इस्तारी सुतार लिहून देतो की, मी निकृष्ट लाकूड वापरून सदोष कपाटे केली. त्यामुळे आतील सर्व पुस्तके ओल लागून पूर्णतः नष्ट झाली असून ती निर्लेखित करण्यास माझी हरकत नाही.'"

"निर्लेखित म्हंजे?" इस्तारीनं विचारलं. आज तो प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारणार होता.

"म्हणजे ती पुस्तकं गेली, आता त्यांचं नाव काढायचं नाही."

इस्तारीनं अंगठा धोतराला पुसला. तसा तो भांडखोर नव्हता. त्याला शिव्या दिल्या असत्या तर त्यानं ऐकून घेतल्या असत्या. पण 'निकृष्ट लाकूड' हे शब्द कुठंतरी खोल जाऊन लागले.

"मालक, लाकूड निकृष्ट नाई. लाकूड ओलं होतं, अन् ते मी सांगतलं होतं. साग मानसापेक्षा इमानदार आहे. ओलं अशीन तं ओलंच राहीन, सुकलं म्हून खोटं नाई बोलत."

"अरे, शब्दाले काय धरून बसला?"

"अन् पुस्तकं नष्ट झाले, हे दार न उघडता कोनी पाह्यलं?"

वाचनदालनात शांतता पसरली. पूर्वी कधी पसरली नव्हती अशी, कारण या वेळी सगळे जागे होते.

"दार उघडत नाई ना," डोमाजी पुटपुटला.

"उघडाले तं बोलावलं तुमी मले. हत्यारासंगं." त्यानं गोणीतून हातोडा आणि एक बारीक खिळा काढला. "बिजागऱ्या बाहेरून आहे. खिळी काढली का दार हातात येते. फुगो नाईतं सुजो."

"थांब!" उमाजीराव म्हणाले. "कमिटीचा ठराव झाल्याशिवाय कपाट उघडता येत नाई."

"मग बंद ठेवायचा ठराव कधी झाला होता?" चंदाबाईनं विचारलं.

तेवढ्यात इस्तारीनं खालच्या बिजागरीची खिळी टकटक करून वर काढली, मग मधली, मग वरची. दाराच्या काठावर पटाशी घालून त्यानं अंग टाकलं. लाकूड करकरलं आणि दार त्याच्या छातीवर आलं. त्यानं ते लहान मुलासारखं उचलून भिंतीला टेकवलं.

आत उद्घाटनाचा हार होता. वाळून काड्या झालेला. शेजारी नारळाची अर्धी वाटी, आणि एक पाल, जिला अचानक आलेला उजेड आवडला नाही. बाकी कपाट स्वच्छ होतं. ओल कुठंच नव्हती. सागानं आपलं काम चोख केलं होतं.

"नष्ट झाले म्हंजे एवढे?" जाग्या झालेल्या वाचकांपैकी एक म्हणाला. "कागदाचा भुसा बी नाई उरला!"

इस्तारीनं दुसऱ्या कपाटाला हात घातला, तसे उमाजीराव पुढं झाले. पण मालगुजारी भोगलेला माणूस एका रिकाम्या कपाटानं लाजत नसतो. ते शांतपणे म्हणाले, "पुस्तकं माझ्या घरी आहेत. ओल लागू नये म्हणून मी स्वतः नेऊन ठेवली. जनतेची ठेव आहे ती."

"आत्ताच्या कागदात तर ती ओल लागून गेली होती," चंदाबाई म्हणाली.

"तो मसुदा होता."

"मग चला, जिवंत आहेत तोवर घेऊन येऊ."

तिनं छत्री उचलली. इस्तारीनं गोणी उचलली. आणि ज्यांनी चार महिन्यांत एक पान उलटलं नव्हतं ते चौघं वाचकही मागून निघाले, कारण यात वाचण्यासारखं काही नव्हतं, पाहण्यासारखं होतं. बाजारातून एक हातगाडी घेतली. चौकातून मिरवणूक निघाली तेव्हा लोकांनी विचारलं, काय आहे? वाचक म्हणाले, "ग्रंथालय घराले आनाले चाललो."

उमाजीरावांच्या दिवाणखान्यात भिंतभर कपाट होतं आणि त्याला काच होती. काचेमागं हजारभर पुस्तकं उंचीप्रमाणं लावली होती, म्हणजे येणाऱ्या पाहुण्यानं आधी मालकाचं वाचन पाहावं आणि मग बसावं. मालकांनी त्यातलं एकही उघडलं नव्हतं. इस्तारीनं आधी काच पाहिली, मग उमाजीरावांकडं पाहिलं.  उमाजीरावांनी मान दुसरीकडं वळवली, हे त्यानं नीट ध्यानात ठेवलं.

पुस्तकं काढायला आतून त्यांची सून कमळा आली. ब्रह्मपुरीकडची, सातवी शिकलेली, डोक्यावर पदर. तिनं प्रत्येक पुस्तक काढताना एका वहीत खूण केली.

"ही कशाची वही?" चंदाबाईनं विचारलं.

कमळा सासऱ्यांकडं बघून अडखळली. "वाचलेल्याची यादी. दोनशे चौदा झाले. बाकीचे राह्यले."

 समाजमंदिर बांधून, मंत्री आणून, गच्ची गळवून सबंध चांद्यात जो एक वाचक तयार झाला होता, तो इथं सापडला होता, आणि आपण त्याच्याच तोंडची पुस्तकं काढून नेतोय, हे इस्तारीलाही कळलं. गाडीवर पुस्तकं रचताना त्याचे हात जड झाले.

"बाई, तुमी तिथी येऊन वाचा ना," तो कमळाला म्हणाला.

"आमच्या घरच्या बायका समाजमंदिरात जात नाई," उमाजीराव म्हणाले. समाजमंदिराचे अध्यक्ष या नात्यानं त्यांना ती जागा चांगलीच माहीत होती.

चंदाबाई गोड आवाजात म्हणाली, "तुमची मर्जी. पण जिल्ह्याच्या तक्त्यात 'महिला वाचक' असा एक रकाना आहे. चार महिने तिथं शून्य जातंय. साहेबांनी मला पत्रातून विचारलंय, असं का म्हणून. मी काय कळवू?"

उमाजीरावांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि सुनेकडं न बघता मान डोलावली. माणूस अडवता येतो, रकाना अडवता येत नाही.

पुढचे चार दिवस इस्तारी समाजमंदिरातच राहिला. सहाही दारं काढून त्यानं कडा रंध्यानं उतरवल्या, फुगायला जागा ठेवून ती पुन्हा बसवली. सगळी दारं एका बोटानं उघडू लागली, तेव्हा डोमाजी घाबरला, कारण आता काम वाढणार होतं. त्याच आठवड्यात कमिटीची सभा झाली. 'पावसाळ्यात ग्रंथसंपदेचे जिवापाड रक्षण केल्याबद्दल' अध्यक्षांचे आभार मानणारा ठराव एकमतानं पास झाला आणि उमाजीरावांना शाल दिली गेली. सुताराचा उल्लेख 'किरकोळ दुरुस्ती' या शब्दांत होता. इस्तारी तेव्हा शेजारच्या वाचनदालनात सहाव्या कपाटाची बिजागरी बसवत होता. शालीच्या वेळी त्यानं हातोडा जरा जोरात मारला, एवढंच.

पाचव्या दिवशी सकाळी कमळा आली. महिला कक्षात दगडी पोती ठाण मांडून होती, म्हणून ती वाचनदालनातच चंदाबाईनं दाखवलेल्या बाकावर बसली. डोमाजीनं रकान्यात 'एक' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. इस्तारी गोणी बांधून निघाला होता. आष्टीची मोटर सुटायला वेळ होता. तो तिच्यापाशी थांबला.

"बाई, एवढं लेकरावानी उचलून आनलं ते सगळं. आत काय लिवलं आहे, एक पान तं वाचून दाखवा."

कमळानं हातातलंच उघडलं. सरकारनं पाठवलेलं, मधमाशा पाळण्यावरचं. ती वाचू लागली, "'मध काढणाऱ्याने पांढरा पोशाख, तोंडावर जाळी व हातमोजे घालावेत, आणि शांत चित्ताने मोहोळाजवळ जावे.'"

"पांढरा?" इस्तारी म्हणाला. "अन् हातमोजे घालून साजाच्या झाडावर चढाचं कसं? हे लिवनारा कधी झाडावर चढलाच नसन. आग्या मोहोळ शांत चित्त पाहात नाई, धूर पाह्यते धूर!"

"तसं नाई," पंख्याखालचा वाचक उठून बसला. "आमच्या इकडं धूर आधी नाई करत. आधी वारा पाह्यतात."

"वारा? म्हंजे तुमचा मध वाराच खात असन."

दुसरा उठला, मग तिसरा. कोणाच्या मामाला मधमाश्यांनी तळ्यात उडी मारायला लावली होती, कोणी मोहाच्या फुलातला मध कडू असतो म्हणालं, त्यावर इस्तारीनं गोणीच खाली टाकली. कमळाचा पदर खांद्यावर आला होता आणि ती हसत पुढचं पान उलटत होती. डोमाजी धावत आला आणि त्यानं भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीवर छडी आपटली.

"ग्रंथालय आहे हे! बोलाचं नाई!" तो ओरडला. मग छडी खाली करून म्हणाला, "अन् मोहाचा मध कडू नसते. माह्या आजोबानं जिंदगी घातली त्याच्यात. तुमाले काई मालूम नाई."

"मग बसा ना, डोमाभाऊ," इस्तारी सरकला. "बाई, वाचा पुढं. पाहू आनखीन काय काय चुकला तो."

बाहेर मोटरीनं भोंगा दिला, दोनदा दिला, आणि आष्टीकडं निघून गेली.